जुने आयकॉन व्हेक्टर करायचे म्हणजे नक्की काय करायचं?

नवा लॅपटॉप घेतला, स्क्रीन एकदम भारी, त्यावर आपलं नेहमीचं ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता आणि बदलता येतो असं, अ‍ॅप टाकलं आणि उघडून बघतो तर टूलबारमधली चित्रं पुसट. बाजूची अक्षरं मात्र कोरीव. मेनूतला 'फाइल' हा शब्द स्वच्छ, आणि त्याच्याच खालची फ्लॉपी, कात्री, प्रिंटर सगळं फासल्यासारखं. इथं गोव्यात, फोंड्यात, माझ्याकडं हा प्रश्न घेऊन जे येतात ते बहुतेक आधी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला दोष देतात. ड्रायव्हर ठीक असतो. एकाच स्क्रीनवर दोन वेगळ्या जातीची चित्रं शेजारी शेजारी आलेली असतात, अक्षरं व्हेक्टर आणि आयकॉन बिटमॅप, आणि हा एक फरक नीट कळला की पुढचं सगळं आपोआप लागतं, म्हणून सुरुवात तिथूनच करूया.

चवथीला गणपतीच्या वर आपण माटोळी बांधतो ना, लाकडी पट्ट्यांची चौकट आणि घराघरात एकेक फळ. स्पर्धेतल्या माटोळ्यांत तर फळांची जागा आणि रंग ठरवून अख्खा देवाचा आकार उभा करतात. खालून बघणाऱ्याला आकार दिसतो, पण चौकटीला आकाराचं काहीच ठाऊक नसतं, तिला एवढंच माहीत की या घरात सुपारी, त्या घरात आंबाडे, पलीकडं चिबूड. बिटमॅप आयकॉन असाच असतो. १६ बाय १६चा आयकॉन म्हणजे २५६ घरं, प्रत्येक घर म्हणजे एक पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेलसाठी चार आकडे, लाल किती, हिरवा किती, निळा किती आणि पारदर्शक किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. संपलं. त्या फाइलीत कात्री, पातं, मूठ असं काही कुठंही लिहिलेलं नसतं.

आता हाच आयकॉन स्क्रीनवर २५ टक्के मोठा दाखवायचाय असं धरा. १६चे झाले २०, म्हणजे घरं झाली ४००. जास्तीच्या १४४ घरांत काय भरायचं हे चित्र काढणाऱ्यानं सांगितलेलंच नाही. मग कॉम्प्युटर अंदाज करतो. एक तर काही ओळी आणि काही उभे रकाने दोनदा छापतो, त्यानं कात्रीचं एक पातं जाड आणि दुसरं बारीक होतं, नाहीतर शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढून मधला रंग भरतो आणि मग सगळीकडं ते राखाडी फासलेपण येतं. विंडोजच्या लॅपटॉपवर १२५ आणि १५० टक्के स्केलिंग अगदी नेहमीचं आहे, त्यामुळं ही अडचण फक्त महागड्या स्क्रीनवाल्यांची आहे असं समजू नका.

जुन्या अ‍ॅपमध्ये हे असं का राहिलं, तर ते आयकॉन काढले तेव्हा ते बरोबरच होते. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यातल्या शाळांत वापरलेले कॉम्प्युटर आणून त्यांवर लिनक्स ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम घालायचं काम गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टनं केलं, त्या काळातले ते जाडजूड मॉनिटर आठवा, ८०० बाय ६०० असलं की बरं वाटायचं. तिथं १६ पिक्सेलचा आयकॉन म्हणजे १६च पिक्सेल, स्केलिंग हा विषयच नव्हता, आणि एकेक पिक्सेल हातानं ठेवणारे कलाकार फार बारकाईनं काम करायचे. त्या कामाला मी आजही मानतो. मग २०१०मध्ये आयफोन ४ आला, त्याची दाट पिक्सेलची रेटिना स्क्रीन आली, २०१२मध्ये ती मॅकबुकवर आली, पाठोपाठ बाकीचे लॅपटॉपही त्याच वाटेनं गेले, आणि एका आकारासाठी मापून शिवलेले हजारो आयकॉन एकदम तोकडे पडले.

व्हेक्टरमध्ये घरं भरायची भानगड नाही. तिथं चित्र म्हणजे सूचना. इथं पेन टेकव, तिथपर्यंत सरळ रेघ मार, मग असं वळण घे, शेवटी जिथून निघालास तिथं येऊन आकार बंद कर, आत निळा भर. एसव्हीजी, म्हणजे अशा व्हेक्टर चित्राची फाइल, एखाद्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा, एकदा तरी बघाच, आत एम, एल, सी, झेड अशी अक्षरं आणि त्यांच्यामागं आकडे दिसतील. एम म्हणजे पेन उचलून त्या जागी ठेव, एल म्हणजे सरळ रेघ, सी म्हणजे वक्र, झेड म्हणजे बंद कर. वक्र सांगायची पद्धत मोटारींच्या कारखान्यातून आलीय, फ्रान्समधे सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्झो आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए या दोघांनी गाड्यांच्या पत्र्याची वळणं गणितात बसवायला ती वेगवेगळी शोधली, नाव मात्र बेझिएचं लागलं. एका वक्राला चार बिंदू पुरतात, दोन टोकांचे आणि दोन ओढ देणारे, ते ओढीचे बिंदू हलवले की वळण बदलतं. तुमचे फॉन्टसुद्धा अशाच वक्रांनी बनलेले असतात, म्हणून तर अक्षरं कुठल्याही आकारात कोरीव दिसतात. अक्षराला किती मोठं व्हायचंय ते आधी कळतं आणि पिक्सेल त्यानंतर भरले जातात.

एसव्हीजी हा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमचा मोकळा स्टँडर्ड आहे, पहिली पूर्ण आवृत्ती २००१ची. मोकळा म्हणजे कुणा एका कंपनीचं सॉफ्टवेअर विकत घेतल्याशिवाय उघडत नाही असं त्याचं नाही.

पुसटपणा जाणं हा सगळ्यात डोळ्यात भरणारा फायदा, पण माझ्या मते सगळ्यात मोठा तो नव्हे. एसव्हीजी ही लिहिलेली फाइल आहे, त्यामुळं गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, कोणी काय बदललं ते ओळीओळीनं दिसतं, रंगाचा एक आकडा बदलला तर तेवढीच ओळ लाल-हिरवी होते. पीएनजी ही बिटमॅपची फाइल, ती बदलली तर गिट एवढंच सांगतं की फाइल बदलली. आणि याहून खोल गोष्ट लायसन्सची. जीपीएल या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये सोर्स कोड कशाला म्हणायचं तर बदल करायला ज्या स्वरूपातलं काम सोयीचं त्याला, अशी व्याख्या दिलीय. आता विचार करा, एखाद्या अ‍ॅपचा सगळा कोड मोकळा आहे पण आयकॉनची मूळ चित्रं वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर राहिली आणि हातात उरली फक्त १६ पिक्सेलची छापलेली पीएनजी. वापरायला मिळतं, पण बदलायला? ज्याला बदलायचंय त्याला नव्यानं काढावं लागतं. म्हणून मी आयकॉन व्हेक्टर करण्याला सजावट मानत नाही, मोकळ्या सॉफ्टवेअरचा जो भाग बंद पडलाय तो परत मोकळा करण्याचं हे काम आहे.

डार्क थीमचंही तेच. रात्री काळ्या पार्श्वभूमीवर काम करणाऱ्याला काळ्या रेघांचे जुने आयकॉन दिसतच नाहीत. एसव्हीजीमध्ये रंगाच्या जागी 'करंटकलर' असं लिहून ठेवलं की आजूबाजूच्या मजकुराचा जो रंग तोच आयकॉन उचलतो, अर्थात अ‍ॅपनं तशी सोय केली असली तर. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये सिम्बॉलिक म्हणून जे एकरंगी आयकॉन असतात त्यांचाही रंग असाच थीमप्रमाणं बदलतो.

बरं, मग पीएनजी घ्यायची, सॉफ्टवेअरला द्यायची, एसव्हीजी बाहेर काढायची, एवढंच ना? हा प्रश्न सगळेच विचारतात आणि यावर थोडं जास्त बोलायला हवं कारण बहुतेकांचा वेळ इथंच वाया जातो.

इंकस्केप या व्हेक्टर चित्रं काढायच्या ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये ट्रेस बिटमॅप नावाची सोय आहे, तिच्यामागं पोट्रेस नावाचा प्रोग्रॅम चालतो, पीटर सेलिंगर यांनी २००१मध्ये लिहिलेला, आणि तो खरंच सुंदर चालतो, फक्त त्याला जे हवं ते दिलं पाहिजे. त्याला हवं असतं मोठं, काळं-पांढरं, स्वच्छ चित्र. काळ्या आणि पांढऱ्याची सीमा जिथं जाते तिथून तो एक वाट काढतो, त्या वाटेचा कमीत कमी बाजूंचा बहुकोन करतो आणि मग कोपरे कुठं ठेवायचे आणि कुठं गुळगुळीत करायचं ते ठरवतो. स्कॅन केलेली सही, संस्थेचा शिक्का, मोठा लोगो, यांवर चांगला निकाल मिळतो.

१६ पिक्सेलच्या आयकॉनवर मात्र गोंधळ होतो. एक तर आयकॉनच्या कडेला जे अर्धवट राखाडी पिक्सेल असतात ते रेघ गुळगुळीत दिसावी म्हणून ठेवलेले असतात, त्याला अँटी-एलियासिंग म्हणतात, डोळा ते रेघेतच धरतो पण प्रोग्रॅम त्यांना वेगळ्या रंगाचा वेगळा आकार समजतो. मग निळ्या चौकोनाभोवती फिकट निळ्याचं एक वेडंवाकडं कडं, त्याभोवती आणखी फिकट कडं, असे थर निघतात. दुसरं म्हणजे एवढ्या कमी घरांत कोपरा आणि गोलाई यांत फरकच उरत नाही, कागदाचा काटकोन बोथट होतो आणि भिंगाचा गोल बटाट्यासारखा निघतो. जो आयकॉन हातानं काढला तर पाचसहाशे बाइटमध्ये बसतो त्याची ट्रेस केलेली फाइल कितीतरी पट फुगते, आणि ती फाइल पुढच्या माणसाला बदलताही येत नाही, कारण आत चौकोन नाही, वर्तुळ नाही, नुसते शेकडो बिंदू.

पिक्सेल आर्टसाठी वेगळी पद्धत आहे, कोफ आणि लिशिन्स्की यांचा २०११चा शोधनिबंध, त्यावरून केलेली सोय इंकस्केपच्या ०.९१ आवृत्तीपासून मिळते. जुन्या व्हिडिओ गेममधल्या ठसठशीत पिक्सेलच्या चित्रांना ती छान बसते. पण ज्या आयकॉनमध्ये आधीच गुळगुळीत कडा आणि सावल्या आहेत तिथं तिचाही उपयोग होत नाही.

आणि एक प्रकार तर मी कडक शब्दांत सांगतो, कारण तो फसवणूकच आहे, मग कुणी नकळत केला तरी. काही ऑनलाइन कन्व्हर्टर पीएनजी घेतात आणि एसव्हीजी देतात, आणि ती एसव्हीजी उघडली की आत एकच इमेज टॅग आणि त्यात तीच पीएनजी बेस-६४च्या लांबलचक अक्षरांत कोंबलेली. एक्स्टेन्शन बदललं, चित्र तेच. मोठी करून बघा, तितकीच पुसट. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायची सवय लावा म्हणून वर म्हणालो ते यासाठी, अर्ध्या मिनिटात कळतं.

राहतो तो मार्ग म्हणजे परत काढणं. जुनं चित्र खाली ठेवून त्यावर नवं. आणि इथं खरं काम डोक्याचं असतं, हाताचं थोडं.

फ्लॉपीच घ्या, सेव्हचा आयकॉन. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं येतात त्यातल्या एका मुलीनं विचारलं, "दादा, हे मधले तीन राखाडी पिक्सेल कसले?" १६ बाय १६मध्ये निळा चौकोन, त्यात एक फिकट पट्टा, एक पांढरा पट्टा आणि त्यावर ते तीन पिक्सेल. आता ती सावली आहे, की लेबलवर लिहिलेल्या ओळी, की धातूच्या शटरमधली फट? प्रोग्रॅम हे सांगू शकत नाही कारण त्याला फ्लॉपी माहीत नाही, आणि या पोरांनीही फ्लॉपी हातात घेतलेली नाही. मी कपाटातून एक जुनी साडेतीन इंची काढून दिली, तिनं ती उलटीपालटी केली, शटर सरकवून बघितलं, लेबलाची जागा बघितली, एक कोपरा कापलेला असतो तो बघितला, आणि मग स्वतःच म्हणाली की त्या लेबलवरच्या ओळी आहेत, तीन सुटे ठिपके ठेवायला नकोत, एक रेघच काढूया. बरोबर निर्णय. मूळ कलाकाराला रेघच हवी होती, जागा नव्हती म्हणून ठिपके आले. अशी प्रत्येक आयकॉनमध्ये दोन-तीन ठिकाणं निघतात जिथं पिक्सेल सोडून वस्तू आठवावी लागते.

हीच गोष्ट त्या आयकॉनच्या कामाबद्दलही. वर्ड प्रोसेसरमधला परिच्छेदाच्या अंतराचा आयकॉन काढायचा तर ते बटन दाबल्यावर काय होतं ते माहीत हवं, बाण कुठल्या दोन ओळींच्या मधे हवा ते त्यावर ठरतं. म्हणून आधी अ‍ॅप उघडा, बटन शोधा, दाबून बघा, मगच इंकस्केप उघडा.

इंकस्केपमध्ये कॅनव्हास नेमका १६ बाय १६ पिक्सेलचा घ्या, एकक पिक्सेलच ठेवा, मिलिमीटर नको, आणि ग्रिड एकेक पिक्सेलची लावा. जुनी पीएनजी आत आणताना ब्लॉकी असा पर्याय निवडा म्हणजे ती चौकोन-चौकोन दिसेल, गुळगुळीत करून दाखवणार नाही, मग तिला वेगळ्या लेयरवर टाकून कुलूप लावा. वरच्या लेयरवर चौकोन, वर्तुळ, रेघ अशा साध्या आकारांनी बांधत जा, पेन टूल शेवटी.

आता ती गोष्ट जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. व्हेक्टर केलं म्हणजे सगळ्या आकारात आपोआप कोरीव दिसेल असं नाही. शेवटी स्क्रीन पिक्सेलचीच आहे. एसव्हीजीमध्ये रेघेची जाडी तिच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी पसरते. तुम्ही एक पिक्सेल जाडीची रेघ बरोबर ३ या आकड्यावर ठेवली तर ती अडीचपासून साडेतीनपर्यंत जाते, म्हणजे दोन पिक्सेल अर्धे-अर्धे भरतात आणि काळ्या रेघेऐवजी दोन पिक्सेल रुंद राखाडी पट्टा दिसतो. तीच रेघ साडेतीनवर ठेवा, ती ३ ते ४ अशी एका पिक्सेलात नेमकी बसते आणि काळी कुळकुळीत दिसते. म्हणून फ्लॉपीची बाहेरची चौकट १ ते १५ अशी दिसायला हवी असेल तर चौकोन दीडवर सुरू करून रुंदी १३ द्यायची. सुरुवातीला हे विचित्र वाटतं पण दोनचार आयकॉन केले की हात आपोआप अर्ध्यावर जातो. रेघेऐवजी भरलेला आकार काढत असाल तर मात्र कडा पूर्ण आकड्यांवरच ठेवायच्या.

२०० टक्क्यांवर हा हिशोब सुंदर जमतो, एकाचे दोन होतात. १५० टक्क्यांवर एकाचा दीड होतो आणि कुठंतरी अर्धा पिक्सेल राखाडी राहतोच, १२५वर सव्वा. तरीही ते फुगवलेल्या बिटमॅपपेक्षा बरंच चांगलं दिसतं, कारण कोपरे, तिरक्या रेघा आणि गोल त्या त्या आकारासाठी नव्यानं काढले जातात. पण १६चा आयकॉन २४ला वापरायचा असेल तर तो दीडपटच आहे ना, म्हणून चांगली प्रोजेक्ट २४साठी वेगळा एसव्हीजी काढतात. लिब्रेऑफिस या ओपन सोर्स ऑफिस सॉफ्टवेअरच्या आयकॉन फोल्डरमध्ये एकाच कमांडच्या दोन फाइली दिसतील, एससी ने सुरू होणारी लहान आणि एलसी ने सुरू होणारी मोठी, शिवाय ३२चा वेगळा फोल्डर. नुसतं माप वेगळं म्हणून त्या वेगळ्या नाहीत, आतला तपशीलही वेगळा असतो, म्हणजे १६च्या प्रिंटरला कागदावर ओळी नसतील, ३२च्याला असतील. २००५मध्ये सुरू झालेल्या टँगो या मोकळ्या आयकॉनच्या प्रोजेक्टनंही हेच धोरण ठेवलं होतं, लहान आकार मोठ्यातून आकसून घ्यायचे नाहीत, वेगळे काढायचे.

आयकॉन काढून झाला की तो तुमच्या इंकस्केपमध्ये कसा दिसतो याला फारसा अर्थ नाही, अ‍ॅपमध्ये कसा दिसतो ते महत्त्वाचं. इंकस्केपला एसव्हीजीमधलं खूप काही कळतं, अ‍ॅपमध्ये बसलेल्या रेंडररला, म्हणजे एसव्हीजीवरून पिक्सेल भरणाऱ्या भागाला, तितकं कळेलच असं नाही. क्यूटी ही खिडक्या-बटनं बनवायची लायब्ररी वापरणाऱ्या अ‍ॅपमध्ये जो एसव्हीजीचा भाग आहे तो मुळात एसव्हीजी टायनी १.२ या लहान आवृत्तीसाठी केलेला, तिथं ब्लरचे फिल्टर आणि मास्कवर विसंबून राहू नका. ग्नोमकडं लिब्-आरएसव्हीजी आहे, ते बरंच जास्त समजतं, आणि गेल्या काही वर्षांत ते सी भाषेतून रस्ट भाषेत नव्यानं लिहिलं गेलं. माझा सल्ला साधा आहे, आयकॉनमध्ये फिल्टर वापरूच नका. सावली हवी तर कमी अपारदर्शक असा साधा आकार ठेवा किंवा ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलणारा रंग, द्या.

अक्षरांचंही सांभाळा. बोल्डचा बी तुम्ही टेक्स्ट टूलनं लिहिला तर तुमच्या मशीनवरचा फॉन्ट समोरच्याकडं असेलच असं नाही, तिथं भलतंच अक्षर उमटेल. ऑब्जेक्ट टू पाथ करून त्या अक्षराचा आकार करून टाका. सेव्ह करताना प्लेन एसव्हीजी, कारण इंकस्केपची स्वतःची एसव्हीजी झूम किती होता, ग्रिड कुठं होती, असलं सगळं आत लिहून ठेवते. त्याआधी क्लीन अप डॉक्युमेंट चालवलं की वापरात नसलेले ग्रेडियंट निघून जातात. आणि जुन्या एसव्हीजीवर काम करत असाल तर आकार एकदा तपासा, इंकस्केपनं ०.९२ आवृत्तीत इंचाला ९० पिक्सेल हा हिशोब सोडून ९६ धरला, त्याआधीच्या काही फाइली उघडल्या की माप किंचित चुकीचं येतं.

लायसन्सबद्दल एकच गोष्ट पण ती पक्की. इंटरनेटवरून 'फ्री आयकॉन' उतरवून त्याला जुन्या आयकॉनच्या जागी बसवायचं नाही. फुकट मिळणं आणि कुणालाही बदलून वाटता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ओपन सोर्स प्रोजेक्टला दुसरी लागते. जुन्या आयकॉनवरून काढलेला नवा आयकॉन हेही त्या जुन्याचंच पुढचं रूप, म्हणून त्याचं लायसन्स त्याला लागू होतं आणि मूळ कलाकाराचं नाव जिथं आहे तिथं राहिलं पाहिजे.

या कामात माझा एक आग्रह असतो आणि त्यावरून पोरांशी माझा वादही होतो. व्हेक्टर करतोच आहोत तर नवीन डिझाइनही करूया, सपाट करूया, एकरंगी करूया, असं त्यांना फार वाटतं. मी म्हणतो, एका वेळी एकच गोष्ट. म्हापशात एखाद्या ऑफिसात बसून दहा वर्षं तेच अ‍ॅप वापरणारी बाई आयकॉन वाचत नाही, तिला हिरवं काहीतरी डावीकडून चौथं एवढं ठाऊक असतं आणि माऊस तिकडं जातो. रंग आणि बाह्यरेषा तीच राहिली तर व्हेक्टर झालेलं तिला कळणारही नाही, फक्त स्वच्छ दिसायला लागलंय असं वाटेल. २०१८मध्ये गिंप या फोटो-चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅमची २.१० आली तेव्हा एकरंगी सिम्बॉलिक आयकॉन आले, पण त्यांनी रंगीत आणि जुने असे वेगळे संचही निवडायला ठेवले, हे मला फार योग्य वाटतं. नवीन डिझाइन जरूर करा, पण तो वेगळा संच म्हणून, वेगळ्या चर्चेनंतर.

पुन्हा एक लक्षात घ्या, यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. मराठीत आणि कोंकणीत लिब्रेऑफिसचं भाषांतर करणाऱ्यांनी जसं काम केलं तसंच हे, अ‍ॅप वापरता येतं, डोळा चांगला आहे आणि धीर आहे एवढं बास. गोव्यात कॉलेजात चित्रकला करणारी, पाट्या आणि पत्रिकांचं डीटीपी करणारी इतकी मंडळी आहेत, बेझिएचे बिंदू त्यांच्या हातात आधीच बसलेत, फक्त हे काम त्यांच्यापर्यंत कुणी नेलेलं नाही. मला मनापासून वाटतं की त्यांनी यात यावं. पावसात लाईट गेली तरी अडत नाही, लॅपटॉपच्या बॅटरीवर दोन आयकॉन होतात.

सुरुवात करताना तुम्ही रोज दाबता असं एक बटन निवडा, अख्खा संच नको. प्रोजेक्टचं पान बघून आधी विचारा की या आयकॉनवर कुणी काम करतंय का, नाहीतर दोघांनी तेच केलेलं असतं. फाइलीचं नाव जुन्याचंच ठेवा, फक्त शेवट एसव्हीजी. लिनक्सच्या डेस्कटॉपवर डॉक्युमेंट-सेव्ह, एडिट-कट अशी नावं ठरलेली आहेत आणि थीम त्याच नावांनी आयकॉन शोधते, एक अक्षर चुकलं तर आयकॉनच्या जागी रिकामी चौकट येते. सोबत नवीन आणि जुना असे दोन्ही १०० आणि २०० टक्क्यांवरचे स्क्रीनशॉट जोडा, पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही थीमवर. तपासणारा माणूसही फावल्या वेळात काम करतोय, त्याला अ‍ॅप बिल्ड करून बघायला न लावता स्क्रीनशॉटवरून मत देता आलं तर तुमचं काम लवकर आत जातं. आणि जुनी पीएनजी लगेच काढून टाकू नका. एकच चित्र चार-पाच कमांडना वापरलेलं असतं, लिब्रेऑफिसमध्ये तर त्यासाठी लिंक्स नावाची वेगळी टेक्स्ट फाइल आहे, कुठल्या कमांडनं कुणाचा आयकॉन उसना घ्यायचा याची यादी. ती फाइल बघा, ते सगळे मेनू उघडून खात्री करा, मग पीएनजी काढायचा पॅच, म्हणजे बदलाची फाइल, वेगळा पाठवा.